सुनेने आवळलेला नट

मी एक जुना अँकर बोल्ट आहे, मित्रांनो! माझा वाकडा पाय काँक्रीटमध्ये पुरलेला, मान तेवढी वर. बालिकची गावच्या तळ्याकाठचा हा पत्र्याचा गोठा मी आणि माझ्या भावंडांनी जमिनीला धरून ठेवलाय. आत मेंढ्या रवंथ करतात, आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

गोठा उभारायला सगळी आळी राबायला आली होती. खांबांच्या तळपट्ट्या आमच्या मानांत घालून बसवल्या, नट नुसते बोटांनी फिरवले, तोच हाक आली, "मटण शिजलं!" झालं! पाना तिथेच टाकून सगळे ताटाकडे पळाले. चहा घेऊन आलेली जिपार, गोठ्याच्या मालकाची, म्हाताऱ्या तुर्दुबेकची, नवी सून, तिला ते ढिले नट दिसले. तिने तोंड उघडलं मात्र, सासूने डोळे वटारले. "सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं नसतं, बाई." बिचारी चहा ठेवून मागे फिरली. आम्हीही ढिलेच राहिलो.

वसंतात कोकरं जन्मली आणि एके दुपारी उलान, म्हणजे आमच्या तळ्यावरचा तो सोसाट्याचा वारा, सुटला. अरे बापरे! गोठा गदागदा हलू लागला. खांब उचलला जाई आणि माझ्या नटावर आदळे. तुर्दुबेकने सवयीने, वाऱ्यात तंबू धरून ठेवायची दोरी आढ्याला बांधली नि घरचे सगळे तिला लोंबकळले. तंबू तरतो त्याने, पण पत्र्याचं हे धूड कसलं ऐकतंय! माझा नट पार टोकाशी आला होता. मी मनातून घाबरलो.

तेवढ्यात जिपार ओरडली, "मामंजी, दोरी सोडा! खाली नट ढिले आहेत, पाना आणा आधी!"

वाऱ्यापेक्षा त्या आवाजानेच सगळे दचकले. म्हातारा पाना घेऊन धावला. जिपार लेंड्यांच्या चिखलात पालथी पडली. वारा दम घेई, खांब खाली बसे, तेवढ्यात ती एक नट आवळी. हाताची सालं निघाली, पण पोरगी हटली नाही. शाब्बास गं वाघिणी! शेवटचा नट आवळला तसा गोठा गप्प झाला. एकूण एक कोकरू वाचलं.

सासू पुटपुटली, "सासऱ्यावर ओरडली हो!"

"ओरडली म्हणून गोठा उभा आहे," तुर्दुबेक म्हणाला. "गोठा उभारला त्याच दिवशी तिला बोलू दिलं असतं, तर तिचे हात सोलले नसते. तोंड आपणच दाबलं ना?"

मित्रांनो, अधूनमधून वाकून आमच्याकडे बघत जा. माती काढा, थोडी चरबी चोपडा, नट आवळा. आणि घरात कुणी "हे ढिलं आहे" म्हणालं, तर आधी ऐका, मग ती कालची सून का असेना.