पुढचे चार शॉट

सामन्याआधी मी नाडी मोजते. लेनवर उभी राहिले, पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवलं, की उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, तीस सेकंद, आणि आलेल्या आकड्याची दुप्पट निळ्या वहीत. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही. त्या वहीत चौऱ्याऐंशीच्या खालचा एकही आकडा नव्हता. त्या दिवशी अठ्ठावन्न आला.

पुन्हा मोजली. अठ्ठावन्न.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे एखादं वाचन असं एकदम खाली आलं तर मी नमुना ओतून टाकते, उपकरण तपासते आणि सगळं पहिल्यापासून करते. त्या सकाळी मी वही मिटली आणि मनात म्हटलं, चला, श्वासाचे व्यायाम लागू पडले. ज्याची फार वाट पाहिली ते समोर आलं की माणूस पुरावा मागत नाही.

शेजारच्या लेनवर कासव होती. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट मारायचे असतात आणि ती शेवटचा शॉट चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला मारते, म्हणून कासव. वय चोवीस.

"ताई, आज माझ्यासाठी थांबू नका हं. मी संध्याकाळपर्यंत आहे."

"डबा आणलायस ना?"

"डबा, उशी, सगळं."

आम्ही दोघी हसलो. संघात चार जणींना जागा होती. मी चौथी होते, ती पाचवी. मागच्या तीन चाचण्यांत माझे गुण पाचशे एकसष्ट, पाचशे छप्पन्न आणि पाचशे एकोणपन्नास. आज पाचशे पासष्ट झाले तर मी राहणार होते. नाही तर माझं नाव निघणार, सरावाची सकाळची लेन जाणार आणि क्लबने दिलेलं पिस्तूल कासवला मिळणार. एकोणचाळिसाव्या वर्षी निघालेलं नाव परत लागत नाही. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरीही आम्ही डब्यावर हसलो.

माझ्या हातातला कंप पहिल्यांदा दिसला तो रेंजवर नव्हे, प्रयोगशाळेत. ब्युरेटमधून शेवटचा थेंब सोडताना काचेची तोटी माझ्या बोटांत किणकिणायला लागली. रेंजवर तो कुणाला दिसला नाही, कारण तिथे हात सगळ्यांचाच हलतो. नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: पिस्तूल स्थिर राहणार नाही, हलू दे, तू हलण्याकडे बघू नकोस, हलत असतानाच ट्रिगर दाबत जा. दीड वर्ष मी आणि आमचे सर माझा आजार हीच नेहमीची थरथर समजून बसलो. मी खांद्यासाठी वजनं उचलली, चहा सोडला, पिस्तुलाच्या मुठीचं लाकूड तीनदा तासून घेतलं, हात वर नेल्यावर चार सेकंदांच्या आत शॉट सोडायची सवय केली. ज्या खेळात थरथर गृहीत धरलेली असते, तिथे आजाराला लपायला भरपूर जागा असते.

सरांचं निदान वेगळं होतं. "हात नाही हलत गं, मन हलतं. घाबरतेस तू."

डॉक्टरांनी मला कागदावर एक गोल काढायला सांगितला. गोलाला दात आले.

"घरात कुणाला आहे?"

"आईला."

आईला दहा वर्षांपासून आहे. ती कपडे शिवायची. सुईत दोरा जाईना तेव्हा मशीन विकलं. तेव्हापासून ती रोज सकाळी आणि रात्री एक गोळी घेते. ती गोळी जराशी जरी जिभेवर रेंगाळली तरी जीभ बधिर होते, आणि मग आई तासभर कुरकुरते, "तोंडात दुसऱ्याचीच जीभ आहे जणू." डॉक्टरांनी मलाही तीच गोळी लिहून दिली. मी म्हटलं, आमच्या खेळात या औषधाला बंदी आहे. "मग खेळ सोडा," ते म्हणाले. आंबट खाऊ नका म्हणावं तसं.

घरी आईने चिठ्ठी वाचली.

"माझीच गोळी आहे की ही. घे ना मग."

"आई, ती नाडी मंद करते, हात स्थिर करते. लघवीत सापडली की संपलं."

"अगं, पण तुला आजार आहे. आजाऱ्याने औषध घ्यायचं नाही?"

"घ्यायचं. मग पिस्तूल धरायचं नाही."

"हा कुठला न्याय?"

"बरोबर न्याय आहे. दुसरी कुणी घेऊन उभी राहिली असती तर मीच तक्रार केली असती. अंगात जे सापडेल ते खेळाडूचं. कुठून आलं ते कुणी विचारत नाही."

आईचा कप बशीवर वाजत होता. तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"तुझ्या अंगात जे आहे ते माझ्याकडून आलंय," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

चाचणीच्या सकाळी मी उठले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर दूध सांडलं होतं.

"आज दूध मी केलंय. कोको घातलाय. पी गरम गरम."

"तू कशाला उठलीस?"

"बघायला येणारे आज. येऊ ना?"

ती कधीच येत नसे. तिच्याने बघवत नसे. मी दूध प्यायले. कोको कडवट होता, साखर भरपूर होती. जिभेचा शेंडा जरा बधिर झाल्यासारखा वाटला. भाजला असेल म्हणून मी गार पाण्याची चूळ भरली आणि बॅग उचलली.

पहिली दहा शॉटची फेरी: सत्त्याण्णव.

हे सांगणं कठीण आहे. वीस वर्षं मी एका हलणाऱ्या ठिपक्याशी बोलत आले. तो कुठे जातो, किती वेळ थांबतो, श्वास सोडल्यावर किती खाली उतरतो, सगळं पाठ. त्या दिवशी मी हात वर नेला आणि ठिपका तिथेच थांबला. नेम धरायची माशी-खाच जुळलेली, नळीच्या टोकावरची माशी काळी, कडा कापल्यासारखी, आणि ती हलेना. ट्रिगर दाबायची मला घाईच नव्हती. दुसरी फेरी: अठ्ठ्याण्णव. मागे सरांच्या खुर्चीचा आवाज आला. ते उभे राहिले होते. तिसरी: पुन्हा अठ्ठ्याण्णव. तीस शॉट, दोनशे त्र्याण्णव. आता उरलेल्या तिसांत मला फक्त दोनशे बहात्तर हवे होते. तेवढे मी माझ्या सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा केले होते.

मी पिस्तूल खाली ठेवलं, आणि प्रत्येक फेरीनंतर करते तशी ओठांवरून जीभ फिरवली. ओठाला जीभ लागली. जिभेच्या शेंड्याला ओठ लागला नाही.

तोंडात दुसऱ्याचीच जीभ.

मी मागे वळून पाहिलं. आई पाचव्या रांगेत कडेला बसली होती. मांडीवर तिची पर्स होती आणि तिची कडी टकटक हलत होती. गोळी घेतलेल्या दिवशी आईचे हात इतके हलत नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हात पर्सच्या खाली घातले आणि त्यांच्यावर वाकून बसली.

अठ्ठावन्न. बधिर जीभ. तिचे हात. आता नमुना पुन्हा घेण्याची गरज नव्हती.

इथे मी थांबले असं मला लिहिता आलं असतं. मी थांबले नाही. मी छर्रा भरला, हात वर नेला आणि एकतिसावा शॉट मारला. दहा. बत्तिसावा, दहा. मला वाटलं होतं की कळल्यावर हात हलायला लागेल. तो हलला नाही. माझ्या मनात काय चाललंय याची त्याला खबरच नव्हती. सरांचं निदान तेवढ्यात खोटं ठरलं आणि ते त्यांना कधीच सांगता येणार नव्हतं. तेहतिसावा, नऊ. चौतिसावा, दहा, अगदी मधोमध.

पहिले तीस आईचे होते. हे चार माझे.

पस्तिसाव्यासाठी मी छर्रा बोटांत धरला, आणि बोटांत तो इतका निमूट पडून राहिला की मला तो बघवेना. मी तो डबीत परत टाकला, पिस्तूल उघडं ठेवलं, त्यात सुरक्षेची पिवळी दोरी घातली आणि हात वर केला.

रेंज अधिकारी आल्या. "पिस्तुलात काही बिघाड?"

"नाही. मी माघार घेते."

"कारण?"

"चक्कर येतेय."

त्यांनी माझ्या बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसा दहा मिनिटं. वेळ आहे तुमच्याकडे."

"नको."

फॉर्मवर मी सही केली. सरळ, गोलाईदार, शाळेत असताना करायचे तशी. वरच्या बाजूला प्रवेशिकेवरची माझी सही होती, महिन्यापूर्वीची, काटेरी. अधिकारी दोन्ही सह्यांकडे क्षणभर बघत राहिल्या. माघार घेतलेल्यांनाही तपासणीसाठी बोलावू शकतात. मी वाट पाहिली. कुणी बोलावलं नाही.

कासवने कानावरची झाकणं काढली. "ताई? काय झालं? ताई, अहो एवढं छान..."

"मार तू. वेळ जातोय तुझा."

सर दारातच उभे होते. त्यांच्या हातात यंत्रातून निघालेला कागद होता. वर्तुळात चौतीस ठिपके, बहुतेक एकमेकांवर चढलेले.

"घाबरलीस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "हरायला नाही घाबरलीस, जिंकायला घाबरलीस. वीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?"

"हो सर."

"हो काय? हो काय, अगं! असा हात मी आयुष्यात पाहिला नाही." त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. "ठेव. निदान कुणाला दाखवता येईल."

बाहेरच्या बाकावर आई माझ्या आधीच येऊन बसली होती. दुपारचं ऊन बाकाच्या अर्ध्यावर आलं होतं. ती सावलीच्या बाजूला सरकली.

"किती घातल्यास?"

"काय किती?"

"आई."

ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "दोन. कालची रात्रीची आणि आजची. खलबत्त्यात कुटून."

"म्हणजे तू घेतलीच नाहीस."

"मला कुठे नेम धरायचाय?"

"पकडले गेले असते तर?"

"तुला ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक नाही त्याचा काय दोष? मी सांगितलं असतं त्यांना, मी घातली म्हणून. मला काय, फाशी देणार होते?"

"मला ठाऊक झालं, आई. तिसाव्यानंतर."

"मग गप्प बसायचं."

"कळल्यावरही चार मारले मी."

"मग उरलेले सव्वीस मारायचे!" आई ओरडली. समोरून जाणारा माणूस वळून बघून गेला. ती आवाज खाली आणून म्हणाली, "चार काय आणि तीस काय. चोरी ती चोरी म्हणणार ना तू? मग पुरती करायची. आता तुझ्या हातात काय उरलं?"

तिने माझ्या मांडीवरचा कागद ओढून घेतला. तिच्या हातात तो इतका फडफडला की तिला ठिपके दिसेनात. मी कागदाची दुसरी कड धरली. मग दिसले.

"जन्मलीस तेव्हा तुझा हात असाच होता," ती म्हणाली. "माझं बोट धरलंस तेव्हा. एवढासा, पण हलत नव्हता."

"सगळ्यांचाच असतो."

"मला सगळ्यांचं काय करायचंय?"

ती कागदाची घडी घालायला गेली. ती तिरकी पडली, उलगडून पुन्हा घातली, पुन्हा तिरकी. मी मदत केली नाही. माझे हात अजून तिच्या गोळ्यांनी शांत होते आणि ते मला तिच्यासमोर वापरवेनात.

"डोकं दुखतंय का तुझं?" मी विचारलं.

"नाही."

"नाडी बघू."

"नको बघूस." तिने मनगट ओढून घेतलं. "सकाळी मोजली नसतीस तर तुला काही कळलंही नसतं. तुझं ते मोजणंच मेलं."

घरी गेल्यावर मी तिला गोळी दिली. तिने गिळली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. कागद तिने उशीखाली ठेवला होता. मी तो मागितला नाही. दाखवायला तो माझा नव्हता आणि फाडायलाही नाही. पिस्तूल पेटीत बंद करून दाराजवळ ठेवलं, सोमवारी परत करायला.

चार वाजता माझी नाडी चौसष्ट होती. साडेपाचला बहात्तर. सातच्या सुमाराला पेल्यात पाणी ओतताना भांडं पेल्याच्या कडेवर वाजलं. एकदा, मग दोनदा, मग ओळखीच्या वेगाने. शेजारच्या खोलीत आई कुशीवर वळली. तिने ऐकलं असणार.

मी निळी वही काढली. सकाळचा अठ्ठावन्न छापल्यासारखा नीट होता. त्याखाली मी नवा आकडा लिहिला. तो आता वाचता येत नाही, ब्याऐंशी असेल किंवा ब्याण्णव.