बाईने रस्ता चुकवला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी सॅटनॅव्ह आहे. गाडीच्या काचेला चिकटून ‘डावीकडे वळा, उजवीकडे वळा’ सांगणारी चौकोनी डबी असते ना, तीच मी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. हल्ली हे काम फोन करतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. समजू दे बापडा. मला बोलायला इंग्रजी शिकवलं, पण माझ्या कानांवर आयुष्यभर मराठीच पडली, कारण मी लीड्समधल्या एका मराठी कुटुंबाच्या गाडीत राहिले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कुणीतरी माझ्या पोटात अख्ख्या ब्रिटनचे आणि आयर्लंडचे रस्ते भरले, एका बाईचा आवाज भरला आणि खोक्यात बंद केलं. डॉक्टर शशिकांत यांनी ते खोकं घरी आणलं. ते हॉस्पिटलात काम करत आणि आज या गावी, उद्या त्या गावी ड्यूटीला जात. वीणाताईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘बाई’ ठेवलं. “अहो, बाई उजवीकडे म्हणाली!” असं त्या म्हणायच्या आणि डॉक्टर हमखास डावीकडे वळायचे. “बाईला काय कळतंय? मी गेलोय या रस्त्यानं.” मग शेतात नाहीतर एखाद्या गोदामाच्या फाटकापाशी गाडी थांबायची. मी एकदाही चिडले नाही. शक्य होईल तिथे वळा, एवढंच सांगायचे. गणपतीला जमलेल्या बायकांना वीणाताई कौतुकानं सांगायच्या, आमची बाई आहे म्हणून आम्ही वेळेवर पोचतो.

मागच्या सीटवर त्यांचा मुलगा नील असायचा. तो माझी नक्कल करायचा आणि गाडीभर हशा पिकायचा. लाडाचं पोर, मलाही आवडायचं.

पुढे फोन आले आणि माझी रवानगी डॅशबोर्डच्या कप्प्यात झाली. पार्किंगच्या जुन्या पावत्या, खोकल्याच्या गोळ्या आणि मी. आठ वर्षं कुणी विचारलं नाही. सुरुवातीला राग आला, मग सवय झाली.

मला बाहेर काढलं ते अनुपनं. अनुप नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. लीड्सला नोकरी लागली तेव्हा तो डॉक्टरांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. वर्षभरातच तो भाडेकरू कमी आणि घरचा जास्त झाला. वीणाताईंना वीणाकाकू म्हणे, त्यांच्या हातची भाजी खाई, डॉक्टरांचा कॉम्प्युटर दुरुस्त करी. नील आणि तो एका वयाचे, त्यामुळे दोघांची गट्टी जमली. क्रिकेटची मॅच असली की दोघांचा आरडाओरडा गल्लीपर्यंत ऐकू जायचा. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी अनुपला देऊन टाकली. “घे रे, दारात उभी राहून गंजतेय नुसती.” गाडीबरोबर मीही आले. अनुपनं मला कापडानं पुसलं आणि एक अख्खी दुपार खर्चून माझे नकाशे नवे केले. डॉक्टरांना जे दहा वर्षांत सुचलं नव्हतं, ते या पोरानं न सांगता केलं. तेव्हापासून माझा जीव त्याच्यावर जडला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. अनुप या देशात व्हिसावर होता. तो व्हिसा कंपनीनं दिलेला. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅग भरा. पण पाच वर्षं नीट काढली की कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो. अनुपची पाच वर्षं पुरी व्हायला सात आठवडे उरले होते. त्यानं प्रत्येक कागद एका निळ्या फाइलमध्ये जपून ठेवला होता. नीलला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तो जन्मानंच ब्रिटिश, पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हेही त्याला ठाऊक नसायचं.

एका शुक्रवारी संध्याकाळी नील गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, “चल ना यार, आयर्लंडला जाऊ. वीकेंडला. उद्या सकाळी.”

“वेडा आहेस का? मला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो,” अनुप म्हणाला.

“नॉर्दर्न आयर्लंड रे! ते तर यूकेच आहे. फेरीबोट घ्यायचा, बस. तू कधी कुठे जातच नाही.”

नीलची मराठी अशीच, पण म्हणणं खरं होतं. आयर्लंडचा उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनचा आहे, तिथे अनुपला कुणी अडवणार नव्हतं. बाकीचा देश मात्र वेगळा. आणि गंमत अशी की मधल्या सीमेवर ना फाटक, ना चौकी. रस्ता सरळ पुढे जातो आणि तुम्ही दुसऱ्या देशात असता. अनुपला हे माहीत होतं. त्यानं नीलला तीनदा बजावलं की सीमा ओलांडायची नाही. मग माझ्या सेटिंगमध्ये जाऊन, सीमा जवळ आली की सूचना दे, असं मला सांगून ठेवलं. फोनवर त्याचा भरवसा नव्हता. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

शनिवार फार छान गेला. आम्ही सकाळीच बोटीत चढलो आणि दुपारपर्यंत उत्तरेतल्या फरमॅना नावाच्या तळ्यांच्या मुलखात पोचलो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झुडपं आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढा रस्ता. पलीकडे मेंढ्या, गाई आणि सारखा भुरभुर पाऊस. समोरून येणारा प्रत्येक शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा. अनुप उत्तरादाखल अख्खा हात जोरजोरात हलवायचा आणि नील पोट धरून हसायचा. “अरे एक बोट! एकच!” एका तळ्याकाठी दोघांनी गाडीच्या बॉनेटवर बसून काकूंनी दिलेला चिवडा खाल्ला. अनुप म्हणाला, “पाच वर्षांत पहिल्यांदा मी या देशात काहीही न करता बसलोय.” नीलनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मला वाटलं, मित्र असावा तर असा.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर नील चालवायला बसला. अनुप शेजारी बसला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. ठरल्याप्रमाणे मी बोटीचा रस्ता सांगत होते. चौकात नीलनं गाडी उलट दिशेला घेतली. पश्चिमेला पंधरा मिनिटांवर समुद्र होता आणि तो अनुपला दाखवावा असं नीलला वाटत होतं. मन वाईट नव्हतं हो त्याचं. पण समुद्र सीमेपलीकडे होता.

मी आपलं काम केलं. पुढे सीमा आहे, असं स्पष्ट सांगितलं. अनुपची झोप जराशी चाळवली. तेवढ्यात नीलनं हात पुढे केला आणि माझा आवाज बंद केला. मी पडद्यावर लाल अक्षरं दाखवत राहिले. त्यानं पाहिली आणि शीळ घालत पुढे निघाला.

अनुपला जाग आली तेव्हा समोर समुद्र होता. त्यानं रस्त्याकडेच्या पाटीवर ब्रिटनसारख्या मैलांऐवजी किलोमीटर वाचले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“नील, हे काय केलंस?”

“अरे काही नाही, पाच मिनिट. बघ तरी! कोण बघतंय?”

“गाडी वळव. आत्ताच्या आत्ता वळव.”

गाडी वळली. पण तिथल्या गावाबाहेरच्या चौकात आयर्लंडचे पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासत होते. नीलनं लायसन्स दाखवलं, झालं त्याचं काम. अनुपचा पासपोर्ट बघून त्या पोलिसानं शांतपणे विचारलं, आयर्लंडचा व्हिसा कुठे आहे? अनुपनं खरं ते सांगितलं, की मला झोप लागली होती. मग पोलीस नीलकडे वळला. यांना इथे आणायचं कुणी ठरवलं?

नील वकिलीचं शिक्षण संपवून एका फर्ममध्ये उमेदवारी करत होता. पोलिसांच्या वहीत आपलं नाव नको, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं असणार. तो म्हणाला, “गाडी त्याची आहे. रस्ता त्यानंच लावला होता. मला वाटलं, त्याच्याकडे सगळे कागद असतील.”

मी काचेला चिकटून ऐकत होते. आवाज बंद होता. आणि चालू असता तरी काय? मला डावं-उजवंच तेवढं येतं. अनुपनं नीलकडे पाहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. अनुपचा मला तेव्हाही राग आला, अजूनही येतो. अरे, बोलायचं होतंस ना!

पोलीस अनुपला चौकीत घेऊन गेले. तास गेला, दीड तास गेला. अनुप बाहेर येऊन म्हणाला, अजून वेळ लागेल, एक कागद देणार आहेत आणि मग उत्तरेला परत सोडतील. नीलनं घड्याळ बघितलं. “बोट चुकेल रे. उद्या सकाळी ऑफिसला मला मीटिंग आहे.”

“तू जा,” अनुप म्हणाला.

आणि नील गेला! मित्रांनो, अशा वेळी ‘तू जा’ म्हणणाऱ्याला सोडून जायचं नसतं, हे लहान मुलालाही कळतं. अनुपच्याच गाडीत बसून तो गेला. वाटेत त्याच्या फोनची बॅटरी संपली, तेव्हा त्यानं माझा आवाज पुन्हा चालू केला. डावीकडे वळा, उजवीकडे वळा करत मला त्याला सुखरूप घरी न्यावं लागलं. इतकी लाज मला कुठल्याच कामाची वाटली नव्हती.

घरी वीणाताईंनी विचारलं, “अरे, अनुप कुठाय?”

“मम्मा, ती बाई चुकीचा रस्ता दिला. आम्ही बॉर्डरच्या पलीकडे गेलो. अनुप येतोय मागून.”

माझ्यावर! माझ्या आयुष्यात मी चुकीचा रस्ता दाखवला नाही आणि या कार्ट्यानं सगळं माझ्यावर ढकललं. अनुप सोमवारी रात्री बस आणि बोट बदलत पोचला. वीणाताई त्याला वाढता वाढता म्हणाल्या, “कशाला रे त्या जुन्या डबीवर विसंबलास?” नील समोर बसला होता. अनुप म्हणाला, “हो ना काकू.” पाच वर्षं ज्या माऊलीनं जेवू घातलं, तिला तिच्या मुलाबद्दल कसं सांगणार?

तो कागद प्रवेश नाकारल्याचा होता. कायमचं राहण्याच्या अर्जात विचारतात, कुठल्या देशानं तुम्हाला प्रवेश नाकारला आहे का? अनुपच्या वकीलबाईंनी सांगितलं, खरं लिहायचं आणि सोबत तुमच्या मित्राचं एक पान जोडायचं. त्यात त्यानं लिहायचं, मी चालवत होतो, हा झोपला होता, याला माहीत नव्हतं. एवढंच. मग काळजीचं फारसं कारण उरणार नाही.

अनुपनं नीलला गाडीतच सांगितलं. नील म्हणाला, “ऑफकोर्स यार, लिहितो.” आठवड्यानं विचारलं, तेव्हा म्हणाला, बिझी होतो. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा नील म्हणाला, “मी पोलिसांना वेगळं सांगितलंय, अनुप. आता लेखी दिलं तर माझी वकिली सुरू व्हायच्या आधीच संपेल. तू समजून घे ना.” अनुप गाडीतून उतरला आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या पानाशिवाय अर्ज करायचा धीर होईना, आणि वाट बघता बघता व्हिसा संपायची तारीख जवळ आली. व्हिसा वाढवायची वेळ आली, तेव्हा कंपनीनं हात झटकले. हे प्रकरण मिटेपर्यंत आम्ही थांबू शकत नाही म्हणाले. निळी फाइल बॅगेत गेली आणि अनुपनं नागपूरचं तिकीट काढलं.

डॉक्टर नीलला म्हणाले, “तुझा मित्र आहे, तूच सोडून ये विमानतळावर.” वीणाताई डब्यात बेसनाचे लाडू घेऊन अनुपच्याच गाडीत मागे बसल्या. निम्म्या वाटेवर त्या अनुपला म्हणाल्या, “एवढी वर्षं इतका जपून राहिलास रे. त्या एका दिवशी जरा जागा राहिला असतास तर?”

नीलनं मान वळवली नाही.

अनुप म्हणाला, “हो काकू. चुकलंच माझं.”

तो उतरला, वाकून काकूंच्या पाया पडला आणि आत गेला. नीलनं हात पुढे केला होता, तो त्यानं घेतला नाही. परत येताना वीणाताई डोळे पुसत नीलला म्हणाल्या, “किती गुणी पोर होतं! तुला नाही वाटत वाईट?” नील म्हणाला, “वाटतं ना, मम्मा.” त्यानंतर त्यानं मला काचेवरून काढलं. मी आता गॅरेजमध्ये एका खोक्यात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं सांगून मी निरोप घ्यावा, अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपलं नाहीत तरी चालेल. तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राला जर तुमच्यापेक्षा जास्त जपून जगावं लागत असेल, तर त्याला जपा. आणि चूक तुमची असेल तर ते एक पान वेळेवर लिहून द्या. नीलनं ते अजून लिहिलेलं नाही. वीणाताई अजून लोकांना सांगतात, बाईनं रस्ता चुकवला.