ज्योतीचे बूट

या, असे जवळ येऊन बसा. मांडी घाला नाहीतर पाय पसरा, तुमची मर्जी, कारण आजची गोष्ट पायांचीच आहे. बुवा उभे राहण्याआधी कपाळाला बुक्का लावतात, तसं मी आधी आईचं नाव घेतो आणि सुरुवात करतो. मध्येच हसू आलं तर दाबू नका. आम्हीही तेव्हा हसलेलो.

डोंबिवलीच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा. नवरात्रात घट बसायच्या दिवशी मुंब्र्याच्या डोंगरावरून देवीची ज्योत पळत गावात आणायची, ही आमची रीत. डोंगराची दगडाधोंड्यांची वाट उतरायची, मग खाडीचे बांध, भातशेतांच्या कडा, आणि शेवटी खडीचा रस्ता. पोरं तेलाच्या बाटल्या घेऊन सोबत पळतात, पण ज्योत एकाच्याच हातात. घटापाशी पोचेपर्यंत ती दुसऱ्याला द्यायची नाही, खाली टेकवायची नाही. हा मान दामाजीच्या घराचा. त्याचा आजा पळाला, बाप पळाला, मग तो. अंगावर चामड्याची वस्तू चालत नाही, कमरेचा पट्टासुद्धा काढायचा. पाय अनवाणी. गावच्या वेशीवर पिंपळाखाली गावातला वयाने सगळ्यात मोठा माणूस तांब्या घेऊन उभा असतो. तो ज्योतवाल्याचे पाय धुतो, आणि ज्योत हातात घेतल्यापासून तोवर त्या पायांना कुणी हात लावायचा नाही.

अठ्ठ्याऐंशी साली नारळी पौर्णिमेच्या सुमाराला दामाजीची टाच दुखायला लागली. सकाळी उठला की भिंत धरून मोरीपर्यंत जायचा. डॉक्टरांनी सांगितलं, टाचेचं हाड वाढलंय, मऊ बूट घाला, अनवाणी पळणं विसरा. दामाजीने विचारलं, वर्षातून एकदाच पळालं तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, एकदा चालेल, पण मग वर्षभर चालता येणार नाही.

तेव्हा गावात मोठे होते गोमाजी पाटील. म्हातारा ताठ, जुन्या शिडाच्या काठीसारखा. बुटाचं नाव ऐकल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की मी पाय धुतो, बूट धुत नाही. जमत नसेल तर मान दुसऱ्या घराला द्या. दामाजी घरी आला आणि जेवला नाही. कोलंबीचं कालवण तसंच राहिलं, यावरून दुखणं किती खोल गेलंय ते शेवंतीला, त्याच्या बायकोला, कळलं.

शनिवारी आमच्या देवळात कल्याणहून काळुरामबुवा कीर्तनाला यायचे. काय गळा होता! पहिल्या आलापातच माणसाच्या खांद्यावरची गाठोडी उतरायची. शेवंतीने कीर्तनाआधी त्यांच्या कानावर सगळं घातलं.  उत्तररंगात बुवांनी पादुकांचा विषय काढला. म्हणाले, आपण पादुका डोक्यावर घेतो, पाटावर ठेवतो, फुलं वाहतो, पण शेवटी ती पायात घालायचीच वस्तू ना? मग मला टाळ थांबवायची खूण करून ते हळूच म्हणाले, "आई पायाकडे बघत नाही हो. हातातली ज्योत हलतेय का, तेवढं बघते."

गोमाजी पुढेच डोळे मिटून बसलेले. पटलं की झोप लागली, कळायला मार्ग नव्हता. प्रसाद घेऊन उठताना दामाजीजवळ थांबले आणि म्हणाले, "डोंगरावर काय घालाचं तं घाल. चामडं नको. आन् येशीवर मना पाय दिसले पायजेत."

तेवढ्यावर दामाजी दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीच्या बाजारात गेला आणि कॅनव्हासचे बूट घेऊन आला. कुणाला विचारलं नाही. आता आमचा माणूस बूट कसा घेणार? लहानपणापासूनची सवय गाळात चिंबोऱ्या धरायची. गाळात सैल वस्तू घालून गेलात तर पाय वर येतो आणि वस्तू खाली राहते. म्हणून दामाजीने निवडून निवडून असा घट्ट जोड घेतला की तो चढवताना शेवंतीला मागून धरावं लागायचं.

दामाजी नोकरीला होता एका केमिकल कंपनीत. तिथे त्याच्या पाळीला नॉर्मन होता. ठाण्याचा, खोपटच्या बाजूचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातला. हा नॉर्मन रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येऊरच्या जंगलात पळायला जायचा, नुसता आनंद म्हणून. दामाजीचं ऐकून तो म्हणाला, चल, एकदा तुझा डोंगर पळून बघू.

चढताना दामाजी खूश. उतरताना अर्ध्या वाटेत दगडावर बसला आणि बूट ओढून काढले. अंगठ्यांची नखं काळीनिळी. नॉर्मनने बूट हातात घेतला, पुढे अंगठा दाबून बघितला आणि हसायला लागला.

"अरे दामाजी, पुढे जागाच नाय. उतारावर पाय पुढे सरकतो, त्याला घर नको काय?"

"सैल घेतला तं जोडा पायाला सोरून जातो."

"गाळात जातो. ही तुझ्या देवीची टेकडी हाय, गाळ नाय."

आणि तळवाही पापडासारखा पातळ होता. प्रत्येक खडा टाचेला जाऊन सांगत होता, मी आलो म्हणून.

पुढच्या आठवड्यात नॉर्मनने आपल्या चुलतभावाचे, सिल्वेस्टरचे, बूट आणले. सिल्वेस्टर बोटीवर कामाला, तिकडून कुठून तरी आणलेले. दामाजीने पाय घातला आणि त्याचा चेहराच बदलला. "पाय पावात ठेवल्यागत वाटतंय रे," म्हणाला. अंगणात चार उड्या मारल्या. आम्हाला वाटलं, झालं काम. एवढ्यात शेवंती पुढे आली, तिने बूट उचलला, नाक आत घातलं आणि परत खाली ठेवला.

"चामडं हाय. चवड्यावर पट्टी हाय बघा."

मासळी विकणाऱ्या बाईच्या नाकाशी कोण वाद घालणार? दामाजीने बूट काढले, पण त्या उशीसारख्या तळव्यावरून हात फिरवत बराच वेळ बसला. नॉर्मन म्हणाला, चामडं राहू दे, पण तुझ्या टाचेला काय पाहिजे ते तरी आता कळलं.

मग शेवंती, दामाजी, नॉर्मन आणि मी असे चौघे ठाण्याला गेलो. खोपटच्या एसटी डेपोपासून जवळच नॉर्मनच्या ओळखीचं दुकान होतं. त्याने मुद्दाम संध्याकाळची वेळ ठरवलेली. दिवसभर उभं राहून पाय पसरतो, पळतानाही तसाच पसरतो, तेव्हा माप संध्याकाळचं खरं, असं त्याचं म्हणणं. दामाजीचा पाय तर मुळातच बोटं फाकलेला, बदकासारखा. दुकानदाराने तो बघितला आणि मुकाट्याने वरच्या फळीला शिडी लावली.

एक जोड आला, तळाला फुटबॉलच्या बुटासारखे खुंट. नॉर्मनने तो परत केला. डोंगरात ठीक आहे, पण पुढे बांध आणि खडीचा रस्ता आहे, तिथे हेच खुंट पायात घुसतील. दुसरा आला तो इतका जाड की दामाजी पाटावर चढल्यासारखा दिसायला लागला. मऊ होता, पण दगडावर कलंडला तर घोटा जाणार. तिसरा नायलॉनच्या कापडाचा, टाचेखाली बोटभर मऊ रबर, पुढे कमी, आणि तळाला खवल्यांसारखे बारीक दात. पुढे अंगठ्याएवढी जागा. दामाजी बाहेर गेला आणि डेपोसमोरच्या उखडलेल्या रस्त्यावर पळून आला. येताना हसत होता. शेवंतीने नाक घालून हुंगलं, मग दुसऱ्याही बुटात घातलं. दुकानदार म्हणाला, बाई, नवे आहेत हो. ती म्हणाली, म्हणूनच हुंगते, तुमचे जुने कोण हुंगणार?

रंग मात्र लालभडक होता. त्या मापात तेवढाच जोड. शेवंतीने निकाल दिला, कुंकवाचा रंग आहे, आईला चालेल.

नवे बूट मुरवायला हवेत, म्हणून दामाजी रोज ते घालून गावातून फिरायचा. लुंगी आणि लाल बूट. जेट्टीवरच्या बाया विचारायच्या, दामाजीभाऊ, आज वरात कुठे? तोही कमी नव्हता. म्हणायचा, घोडा बांधायला जागा बघतोय.

घट बसायचा दिवस उजाडला. देवीसमोर दामाजी अनवाणीच उभा राहिला, मशाल पेटवून घेतली ती पायऱ्या उतरून आल्यावर, पुजाऱ्याने खाली आणलेल्या देवीच्या दिव्यावर. त्याआधी बूट चढवून बसला तेव्हा नॉर्मनने नाड्यांना दुहेरी गाठ मारली, झुडपात अडकून सुटू नये म्हणून. आणि दामाजी निघाला. काय उतरला! दगड चुकवत नव्हता, दगडावरून जात होता. बांधावर पोचला तेव्हा पोरं मागे आणि तो पुढे. लाल बूट हिरव्या भातातून दिसेनासे होत आणि पुन्हा दिसत. मी मागून सायकलवर टाळ वाजवत यायचं म्हणत होतो, पण हँडल धरता धरताच जीव गेला.

पिंपळाखाली सारा गाव उभा. बुवा आलेले, आणि मध्यभागी तांब्या घेऊन गोमाजी. दामाजी येऊन थांबला. ज्योत उंच, हात जराही हलत नव्हता. सगळे त्याच्या पायांकडे बघायला लागले, आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्योत हातातून सोडायची नाही, मग वाकून एका हाताने तो गाठ सोडणार कशी? पाण्याआधी त्या पायांना कुणी हात लावायचा नाही, मग नाडी सोडणार कोण? दामाजीने एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढकलून बघितला. दुहेरी गाठ ती, हलली नाही. इतक्या खटपटीत हे कुणालाही सुचलेलं नव्हतं. शेवंती पुढे झाली तर गोमाजींनी हात आडवा केला. दामाजीचा चेहरा उतरला.

म्हाताऱ्याने तांब्या खाली ठेवला. पिंपळाला धरत, गुडघे सावरत सावरत तो जमिनीवर बसला.

"पाय धुयाचा मान माझा," म्हणाला, "तं नाडी बी माझीच."

जाळ्याच्या गाठी सोडण्यात जन्म गेलेली बोटं, पण ही गाठ काही उमगेना. मग गोमाजींनी मान वर करून गर्दीच्या कडेला उभ्या नॉर्मनला हाक मारली. "अरे ए, गाठ तुझी हाय ना? मंग लांब काय उभा? ये, बस."

नॉर्मनने आधी बुवांकडे बघितलं. बुवा हसले. तो येऊन बसला. एक बूट गोमाजींनी काढला, एक नॉर्मनने. पाय उघडे झाले. म्हाताऱ्याने पाणी घातलं, आणि दुखरी टाच तळहातावर घेऊन जरा जास्त वेळ धरली. मग आपल्याच उपरण्याने पुसली.

तिथून घटापर्यंत दामाजी अनवाणी चालत गेला. ज्योत टेकली तेव्हा बुवांनी गजर सुरू केला, आणि माझे टाळ एकदाचे वाजले. मागे वळून बघतो तर लाल बूट गोमाजींच्या हातात. ठेवायला जागा विचारत फिरत होते. जमिनीवर ठेवायचं त्यांना बरं वाटेना.

गोमाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. दामाजी अजून पळतो, बूट दुसरे आहेत, गाठ मात्र एकेरी. तेव्हा एवढं करा. घरी गेल्यावर कुणाच्या पायातल्या बुटाची नाडी सोडायला वाकलात, लेकराच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या, तर आमच्या गोमाजी पाटलांची आठवण काढा.