वरच्या धारेला तोंडं

"माशांनी तोंडं फिरवल्याती, भावजी," ओड्नी दारातूनच म्हणाली.

स्वेर्रे वाफलवर तपकिरी चीज ठेवत होता. "माशांनी फिरवली तर फिरवू दे. तू नको फिरवू. बस, कॉफी घे."

नदीकाठचं मत्स्यबीज केंद्र ही दीर-भावजय चालवत. मालकी स्वेर्रेची, डोळे त्याच्या मेलेल्या भावाच्या ह्या बायकोचे. मी मासे बोटीत चढवायच्या पंपावर. दीड वर्ष गोड्या पाण्यात वाढवलेली सामन माशांची पिल्लं त्या दिवशी खाऱ्या खाडीत बांधलेल्या जाळ्याच्या पिंजऱ्यात वाढायला जायची होती. गावातल्या नऊ चुली त्यांच्यावर पेटायच्या.

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, नुसता मुतत राहतो. खाऱ्यात सगळं उलटं: समुद्र प्यायचा आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकायचं. हे कसब वसंतात अंगी येतं. पट्टे जाऊन चांदी चढते, तोंड समुद्राकडं, धारेबरोबर खाली वळतं. तरी आमची रीत अशी, की आधी वीस मासे समुद्राच्या पाण्याच्या टबात ठेवायचे. तगले, तरच बाकीचे सोडायचे.

मे लागला तेव्हा वीसच्या वीस तगले होते. पण वादळामुळं मासे न्यायची बोट तीन आठवडे बेर्गन बंदरातच अडकली, आणि मग इकडं ऊन असं पडलं की नदी कोमट झाली.

"परीक्षा एकदा पास झाली की झाली," स्वेर्रे म्हणाला. "शाळंचा दाखला काय दर महिन्याला काढतीस?"

"दाखला कागदावर ऱ्हातो, ह्यो कल्ल्यात हाय. येळंवर समुद्र घावला न्हाई की कल्लं परत नदीचं हुत्यात. तोंडं वरच्या धारेला लागल्याती, बघा की. टब भरूया. दोनच दीस."

"बोट थांबायची न्हाई. आन चांदी दिसत न्हाई व्हय? कशी लखलखत्यात!"

"नवरदेवाचा कोटबी लखलखतो. आत कोन हाय, ते लगीन झाल्यावर कळतं."

स्वेर्रे हसला. मीही हसलो, हसलेलं माझ्या नावावर जमा आहे. दुपारी मीच पंप सुरू केला. बोट भरली आणि गेली.

ओड्नीनं मात्र वीस मासे मागं ठेवून घेतले होते. टब भरला, वर झाकण ठेवलं. "खोड जायची न्हाई तुझी, वहिनी," एवढंच स्वेर्रे म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून टबाशी आला. झाकण उचललं. चांदी काळवंडली होती, अंगं सुकून बारीक झाली होती. पाण्यात राहून तहानेनं मेलेला जीव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"किती ऱ्हायलं?"

"तीन."

हिशेबात स्वेर्रे पक्का. विसातले तीन, तर सगळ्यांतले किती, हे काढायला त्याला बोटं मोजायला लागली नाहीत. त्यानं झाकण हळूच परत ठेवलं, जणू आत कुणी झोपलंय.

"जाळ्याकडनं कुनी आलं का सांगाय?"

"मानूस न्हाई आलं," ओड्नी म्हणाली, आणि तिनं खाडीकडं हनुवटी केली.

रोज धक्क्यावर भांडणाऱ्या समुद्रपक्ष्यांतला एकही तिथं नव्हता. सगळे जाळ्याच्या कडेवर ओळीनं बसले होते, पंगत वाढायची वाट पाहत असल्यासारखे.