कोमटच आहे

मामाच्या गॅरेजमध्ये ताप मोजायचं यंत्र नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मामाच्या उजव्या मनगटाला जन्मापासून जोडलेलं होतं. शर्यतीची गाडी ट्रॅकवरून परत आली की मामा तिला जॅकवर घ्यायचा, पाठीवर झोपून खाली सरकायचा आणि आधी गिअरबॉक्सला, मग डिफरन्शियलला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या डब्याला, तळहात टेकवायचा. टेकवला न टेकवला असा. डोळे मिटलेले. मग खालूनच निकाल यायचा, "कोमट आहे," नाहीतर "तापलाय बेटा, तेल बदला." तो निकाल कधी चुकला नाही असं शेजारपाजारच्या सगळ्या गॅरेजांत म्हणत. मामाही हे सांगायला कधी लाजला नाही.

ठकी त्याची भाची. बहीण गेली तेव्हा पोरगी शाळेतही जात नव्हती. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जुन्या टायरात झोपली, नटबोल्टांशी भातुकली खेळली आणि पाय पेडलपर्यंत पोचल्याबरोबर गाडी मागू लागली. आता ती वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक मारायची. भलेभले ड्रायव्हर शिव्या हासडत बाजूला व्हायचे. पण घरातलं ठकी हे नाव काही तिला सुटलं नाही. ट्रॅकवरच्या भोंग्यातूनही एकदा तसंच पुकारलं गेलं होतं. आठवडाभर ती कुणाशी बोलली नव्हती.

हंगामाची शेवटची शर्यत तासाभराची होती. त्याआधीच्या सगळ्या अशा की चहा उकळून गाळेपर्यंत संपायच्या. एका मोठ्या संघाला पुढच्या हंगामासाठी ड्रायव्हर हवा होता आणि त्यांचे साहेब ही शर्यत बघायला येणार होते. त्यांच्या नजरेत दोघंच होती, ठकी आणि निळ्या गाडीवाला एक जण. जो पुढे राहील त्याला जागा. मामाच्या गॅरेजातल्या दोन जुन्या गाड्यांमधून बाहेर पडायची ठकीला दुसरी वाट नव्हती, आणि हे मामाला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

"मामा, यंदा कूलर बसवू या," ती म्हणाली. "गिअरबॉक्सच्या तेलाला एक आणि डिफरन्शियलच्या तेलाला एक."

"का गं, गाडीला उकडतंय का?"

"चेष्टा नको. तासभर पिळणार आहे मी तिला."

मामा चाकाला टेकून बसला. या विषयावर तो जेवण सोडून बोलू शकत असे. "हे बघ. कूलर म्हटलं की पंप आला, जाळी आली, नळ्या आल्या. जितके जोड तितक्या गळायच्या जागा. एक जोड सुटला आणि तेल मागच्या टायरवर गेलं की मग मला सांग. वजन वाढतं ते वेगळंच. आणि तेल थंड राहिलं की गिअर सुरुवातीला कुरकुरतात. रस्त्यावर कितीतरी तेज गाड्या बिनकूलरच्या पळतात. त्यांचं काही अडलंय?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

"त्या तासभर अशा पळत नाहीत ना पण," ठकी म्हणाली. "इंजिनाला पाणी आहे, रेडिएटर आहे. मागच्या डब्यात तेल किती? दोन बाटल्या. त्याला मिळतो तो खालचा वारा, आणि तोही आपण पत्रा ठोकून अडवलाय."

"मी हात लावून सांगेन. माझा हात काय मेला?"

त्यावर सगळं संपलं. मामाचा हात मध्ये आला की वाद संपायचाच.

आता त्या हाताचं खरं काय होतं ते मामीला थोडंफार कळत होतं. दोन-अडीच वर्षं झाली असतील, मामा सकाळी चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचलायचा. "अहो, भाजेल!" ती ओरडायची. "लोखंडाचे हात आहेत," मामा ऐटीत म्हणायचा. बोटांवर लाल वळ उठलेला असायचा. "दुखत नाही?" "छे!" बारीक स्क्रू त्याच्या चिमटीतून आताशा निसटायचे, तेव्हा तो स्क्रूलाच शिव्या द्यायचा. साखरेचा त्रास निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, हातापायांना मुंग्या येतात का, बधिर वाटतं का? मामा म्हणाला, मुळीच नाही. नाही वाटत तर नाही वाटत, त्यात खोटं काय! बधिर हाताला आपण बधिर आहोत हे तरी कुठून कळणार?

सरावाच्या दिवशी ठकीने गाडी बराच वेळ दामटली आणि येताना कुठूनसं पिस्तुलासारखं एक यंत्र पैदा केलं. लांबून धरायचं, चाप ओढायचा, ताप आकड्यात दिसतो. तिने ते डिफरन्शियलवर रोखलं आणि आकडा बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मामा तोवर गाडीखाली पोचला होता. हात टेकवला, डोळे मिटले.

"कोमटच आहे."

"मामा, आकडा बघ!"

"तुझं ते पिस्तूल चकचकीत धातूवर फसतं. कुणालाही विचार. आणि माझा डबा कसा आहे? आरशासारखा." हे मात्र खरं. दर शर्यतीआधी मामा तो डबा इतका घासायचा की त्यात तोंड बघून दाढी करावी.

ठकीने वाकून एक बोट लावलं आणि "आई गं!" म्हणून तोंडात घातलं.

"लोण्याची बोटं तुमची," मामा हसला. गॅरेजमधले सगळे हसले. ठकीही हसली. लहानपणापासून ताप आला की तो हात तिच्या कपाळावर आला होता, आणि तेव्हा तो कधी चुकला नव्हता. ते पिस्तूल तिने ज्याचं त्याला परत केलं.

शर्यतीच्या दिवशी पोरीने काय गाडी चालवली! निळी गाडी तिने तिसऱ्याच फेरीत मागे टाकली आणि मग अंतर वाढवत नेलं. साहेब खुर्चीतून उठून कठड्याशी आले. मामाने शेजारच्याला कोपराने ढोसून ढोसून त्याची बरगडी हुळहुळी केली. शेवटच्या थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या तेव्हा गाडी समोरून गेली आणि मागून एक आवाज आला. रडल्यासारखा, बारीक, चढत जाणारा. कान त्याचे अजून शाबूत होते. तेल पातळ होऊन पाण्यासारखं झालं की चक्रांचे दात दातांवर कोरडे घासतात, तेव्हाचा तो आवाज. पुढच्या वळणावर मागची चाकं अडकली, गाडी गिरकी घेऊन गवतात गेली आणि तिच्या शेपटीखालून धूर निघाला. निळी गाडी शेजारून निघून गेली. साहेबांनी टोपी घातली आणि ते निळ्या तंबूकडे चालू लागले.

गाडी ओढून आणली. सगळे जमले. मामा सवयीने खाली सरकला. शर्यत हातची गेली होती, पण निकाल तर द्यायलाच हवा. त्याने तळहात ठेवला. काही लागेना, म्हणून आणखी दाबून ठेवला.

"कोमटच आहे," तो खालून म्हणाला. "दुसरंच काहीतरी तुटलंय."

मग कसलासा करपल्याचा वास आला. "मामा, हात! हात काढा!" कुणीतरी किंचाळलं आणि त्याला पायांना धरून बाहेर ओढलं. त्या आरशासारख्या डब्यावर मामाच्या तळहाताची कातडी चिकटून राहिली होती. मामा आपल्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मलमपट्टीच्या खोलीत ठकी हेल्मेट काखेत धरून उभी होती. ती ओरडेल, आदळआपट करेल, म्हणून मामा मान खाली घालून बसला होता. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"दुखतंय मामा?"

त्याने मान हलवली. नाही.

"जरासुद्धा नाही?"

"नाही गं."

ठकी एकदम खाली बसली. तिच्या काय ते लक्षात आलं. मामाच्याही आलं, पातेलं, स्क्रू, मामीचं ओरडणं, सगळं एकदम. आणि त्यामागून आणखी एक गोष्ट आली, ती जास्त भाजली.

"ठके," तो म्हणाला, "चकचकीत धातूवर ते पिस्तूल फसतं ना, ते कमी दाखवून फसतं. खरा ताप आकड्याच्या वर असतो. मला माहीत होतं गं. पण मी तेवढा विचारच केला नाही."

"मलाही माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस? माझे कान उपटायचे होतेस!"

"तू हात लावला होतास ना," ठकी म्हणाली.

मामा ढसाढसा रडला. हात भाजल्याचं रडतोय असं वाटून परिचारिका त्याला धीर देऊ लागली.

जागा निळ्या गाडीवाल्याला मिळाली. ठकीने दूरच्या शहरात टायरच्या कारखान्यात नोकरी धरली. टायर झिजेपर्यंत गोल गोल गाडी फिरवायची. पुढे कुणी नसतं, मागे कुणी नसतं. फोनवर ती बरी आहे म्हणायची. शर्यतीचं नाव काढत नसे, आणि मामाची काढायची हिंमत नव्हती.

हात बरा झाल्यावर मामाने डब्यातली जळालेली चक्रं बदलली आणि कूलर बसवले. दोन्ही. एकेक जोड तीनतीनदा तपासला, बोटांवर भरवसा नाही म्हणून भिंग लावून. खालचा पत्रा कापून वाऱ्याला वाट केली. मामी म्हणाली, "आता कुणासाठी हो?" मामाने भिंग पुसून पुन्हा जोडावर धरलं.

सुट्टीत ठकी दोन दिवस आली, तेव्हा निघायच्या दिवशी त्याने गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली. ती नको नको म्हणत होती, पण गाडी घेऊन ट्रॅकवर गेली. आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड लाल झालेलं, केस घामाने चिकटलेले. मामाने गाडी जॅकवर घेतली, पाठीवर झोपून खाली सरकला, हात वर केला आणि मध्येच थांबला.

"ठके, जरा बघतेस का गं?"

चांगल्या कपड्यांनिशी ती त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली. तिने तळहात डब्याला लावला आणि तसाच ठेवला.

"कोमट आहे, मामा."

"खरंच?"

"खरंच."

मामाने मान डोलावली. तिला एवढंच विचारायचं होतं तेव्हाही, आणि किती सोपं होतं.

ठकी उठली, कपडे झटकले, मामीच्या पाया पडली. तिच्या परतीच्या आगगाडीची वेळ झाली होती. फाटक वाजलं तरी मामा खालीच होता. त्याने आपला पांढुरक्या कातडीचा तळहात हळूच डब्यावर टेकवला. गरम की गार, काही म्हणजे काही कळेना. पण ठकी कोमट म्हणाली होती, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.