मुकी पट्टी

मामाच्या पियानोची मधली एक काळी पट्टी मुकी होती. दाबली की नुसतं ठक्क व्हायचं, सूर नाही. "जुना झालाय गं, चालायचंच," असं मामा म्हणायचा. पियानो जुळवायला येणारा माणूसही बाकी सगळ्या तारा लावायचा आणि तिला हात न लावता चहा पिऊन जायचा. मला पहिल्यापासून नसत्या चौकशांची खोड. कुठंतरी पाणी मुरतंय हे कळत होतं, पण मामा ताकास तूर लागू देत नव्हता.

तरुणपणी मामा एका हॉटेलात जॅझ वाजवायचा. आई सांगते, लोक पुढ्यातलं जेवण गार होऊ देत आणि ऐकत बसत. मग एकाएकी त्याने ते सोडलं, घरी क्लास काढला, सगळ्या शिष्यांचाच मामा झाला आणि पंचवीस वर्षं आमच्यासारख्या दगडांपुढे डोकं फोडत बसला. का सोडलं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा संगीत महाविद्यालयात जॅझ पियानोची एकच जागा होती. ती मिळाली नाही तर मी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. मला दुकानात बसायचं नव्हतं.

पहिल्या फेरीत मी जीव ओतून वाजवलं. परीक्षकबाईंनी मानही वर केली नाही.

"तुम्ही त्या मामांच्या क्लासच्या ना?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"त्या एका सुरापाशी आलात की तुम्ही सगळे सारखेच वळता. आधी खाली, मग उडी. हात छान आहे तुमचा, पण हे मी बरेचदा ऐकलंय. तीन दिवसांनी परत या आणि तुमचं स्वतःचं काहीतरी आणा."

मी तरातरा मामाकडे गेले. तो स्वयंपाकघरात होता. मी पियानोची पुढची फळी काढली आणि आत नाक खुपसलं. काहीही मोडलेलं नव्हतं. त्या पट्टीचा छोटा हातोडा आणि तार यांच्यामध्ये जाड लोकरी कापडाची घडी बसवली होती. कडेला टाके होते, आणि ते मामाचेच. शर्टाची बटणंही तो असेच शिवतो.

मामा चहा घेऊन आला आणि दारातच थबकला.

"सापडली का?" म्हणाला.

"मामा, हे काय आहे?"

तो खुर्चीवर बसला. "हॉटेलच्या पियानोची ती पट्टी खरंच मोडली होती. मालक दुरुस्त करेना, म्हणून मी ती चुकवत वाजवायला लागलो. लोकांना नेमकं तेच आवडलं. मग नवा पियानो आला. सगळ्या पट्ट्या बोलायला लागल्या आणि माझं वाजवणं चारचौघांसारखं झालं. लोक गरमगरम जेवायला लागले."

"म्हणून सोडलंस?"

"हो. वाटलं, पोरांपुढे हीच अडचण ठेवली तर ज्याची त्याला वाट सापडेल."

"सापडली की. तुझीच. समोर बसून तूच दाखवत होतास."

मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. त्याला मी दोन दिवस आईकडे पाठवून दिलं. मग ती घडी काढली आणि दुसऱ्याच पट्टीच्या हातोड्यापुढे बसवली.

पहिला दिवस आंधळ्या कोशिंबिरीत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वाट सापडली. जरा लंगडी होती, पण मामाची नव्हती.

दुसऱ्या फेरीत मी त्याच वाटेने गेले. तिथल्या पियानोच्या सगळ्या पट्ट्या धडधाकट होत्या, तरी माझ्या त्या पट्टीला मी हात लावला नाही.

घरी आले तेव्हा मामा परतला होता. "मिळाली जागा?"

"मिळाली."

"बाई काय म्हणाल्या?"

"पहिल्या फेरीत त्यांनी माझा चेहरा पाहिलाच नव्हता. आज विचारत होत्या, कोणाकडे शिकलात."

मामाचा कप हातातच राहिला. "इतक्या वर्षांत हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. त्याला आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

मग तो पियानोपुढे बसला. जुनी पट्टी आता बोलत होती, पण त्याचा हात सवयीने तिला वळसा घालून पुढे गेला आणि तिथे ठक्क झालं. तो थांबला. माझ्याकडे बघून हसला.

"कुठली ते सांगितलं असतं मी," मी म्हटलं.

"आता गप्प बस," मामा म्हणाला, आणि वाट शोधायला लागला.

मी ऐकत बसले. माझा चहा गार झाला.