खिशात ठेवलेलं नाव

ओळखलंत का? मी नेमप्लेट बोलतेय. पोलिसाच्या उजव्या खिशावर काळी पट्टी असते ना, पांढऱ्या अक्षरांची, ती मी. माझ्यावर नाव आहे, पण ते माझं नाही, माझ्या मालकाचं आहे: अंकित घोडमारे. तुम्ही माणसं पोलीस दिसला की आधी त्याची काठी बघता, मग चेहरा बघता, आणि माझ्यापर्यंत नजर येईतो तुमचं निम्मं धैर्य संपलेलं असतं. म्हणून आज मीच बोलते.

माझा जन्म सीताबर्डीच्या एका बोळातल्या दुकानात झाला. तिथे दारावरच्या पाट्या, रबरी शिक्के, बक्षिसाचे कप, सगळंच तयार होतं. ज्या तुकड्यातून मला कापलं, त्यातूनच त्या दिवशी एका डॉक्टरची पाटी निघाली आणि एक 'चपला बाहेर काढा'ही निघाली. भावंडं कुठे कुठे लागली असतील, देव जाणे.

मला न्यायला अंकितबरोबर त्याचे बाबा आले होते. महादेवराव. सावनेरकडे त्यांची शेती, संत्र्याची बाग. चष्मा घरी विसरलेले, म्हणून मला हातभर लांब धरून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. "बराबर हाये," म्हणाले. मग बसस्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मला दाखवलं. "पोराचं नाव हाये," असं त्याला दोनदा सांगितलं. त्या माणसाने कौतुक केलं बिचाऱ्याने.

पहिलं वर्षभर अंकित मला रोज रुमालाने पुसायचा. एकदा त्याने एका आजीला रस्ता ओलांडून दिला. तिने मला वाचलं आणि म्हणाली, "अंकित, सुखी राय बाबा." तो दिवस त्याचा फार छान गेला. नाव घेऊन हाक मारली की त्याचा आवाजच बदलायचा, हे मी खूपदा पाहिलंय.

पुढे काम वाढलं. बंदोबस्त, सुट्टी नाही, पाय सुजलेले, डोकं तापलेलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. थकलेली माणसं खूप असतात, सगळीच काही हात उगारत नाहीत.

यंदाच्या हिवाळ्यात वाडीकडच्या रस्त्यावर हातगाड्या हटवायची मोहीम निघाली. निघताना वसंतराव हवालदार अंकितला म्हणाले, "नेमप्लेट खिशात टाक बे. आजकाल जो तो मोबाइल काढून राहिला." जुन्या लोकांची ती सवयच होती. अंकितने मला काढलं आणि खिशात टाकलं. तिथे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी होती. मी तिच्या शेजारी पडून राहिले.

त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. जेसीबीची घरघर. गाड्या उलटल्याचे आवाज. एक माणूस गयावया करत होता, "साहेब, दोन मिनिटं! वजनकाटा तं उचलू द्या!" तो ओमप्रकाश, पेरू विकणारा, हे मला नंतर कळलं. मग काठीचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो माणूस असा ओरडला की माझ्या पिना थरथरल्या.

लगेच एका मुलीचा आवाज, अगदी जवळून. "साहेब, नाव सांगा तुमचं! नेमप्लेट कुठं हाये? काहून काढली?" ती ओमप्रकाशची मुलगी पिंकी. कॉलेजला जाते. ती मोबाइलवर सगळं टिपत होती.

अंकितचा हात खिशावर आला. कापडातून त्याची बोटं मला लागली. मला वाटलं, आता काढेल. पण त्याने मला नुसतं दाबून धरलं आणि चालू लागला. मला त्या दिवशी त्याची लाज वाटली. हो, मालकाची लाज वाटते कधीकधी.

व्हिडिओ गावभर फिरला. त्यात काठी दिसते, ओमप्रकाशचा मोडलेला हात दिसतो. पण मारणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, आणि खिशावर पिनांची दोन रिकामी भोकं. ठाण्यात पिंकीचा अर्ज घेतला, त्यात 'अनोळखी पोलीस कर्मचारी' असं लिहिलं. विचारलं तर कोणालाच काही आठवेना. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या नेमप्लेटा गुपचूप लावल्या. मीही पुन्हा जागेवर आले. सुटलो, असं अंकितला वाटलं असावं. पण तो जेवत नव्हता आणि मला पुसतही नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी महादेवरावांचा फोन आला. अंकित ठाण्यामागच्या नळाजवळ उभा होता.

"तो व्हिडिओ पायला का गा तू? पेरूवाल्याले मारलं तो? मले कळमन्याच्या मंडीतल्या दोस्तायनं पाठवला."

"हं."

"तू तिकडचाच हायेस. तो हेल्मेटवाला कोन होय, शोधून काढ. ती पोरगी बिचारी काय मागून राहिली? नावच तं मागून राहिली. तू तिथं असता तं धरला असता त्याचा हात."

नळ थेंब थेंब गळत होता. "हॅलो, हॅलो," महादेवराव म्हणत राहिले.

"बाबा, तो मीच होय."

मग महादेवरावांनी विचारलं, "हात कसा हाये त्याचा?"

"प्लास्टर हाये म्हणतेत."

"पाऊन आला का तू?"

"नाही."

"मंग जाय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नोकरीचं काय होईल, हे त्यांनी विचारलंच नाही.

त्याच संध्याकाळी अर्जावरचा पत्ता शोधत आम्ही गेलो. गोदामांच्या मागे भाड्याची एक खोली. दार पिंकीने उघडलं आणि वर्दी बघताच मोबाइल वर केला. आत खाटेवर ओमप्रकाश प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसला होता.

"माफी मागाले आलो," अंकित म्हणाला.

"माफी ठेवा तुमच्याजवळ. मले नाव पाहिजे."

तो बल्बखाली सरकला. "वाच."

पिंकीने मोबाइल माझ्याजवळ आणला आणि मला खणखणीत वाचलं. नाव, आडनाव, सगळं. मग तिने विचारलं, "हे मोबाइलात आलं. पण उद्या तुमचे साहेब समजावतीन, अन् तुम्ही पलटान. मंग आमी काय करू?"

त्याने मला काढायला घेतलं. एका पिनेची टोपी अडकली होती, ती त्याला निघेना. पिंकीच पुढे झाली. तेव्हा खाटेवरून ओमप्रकाश म्हणाला, "हळू वं, पिन टोचन त्याले."

अंकित रडला. वर्दीतला माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. त्याने मला पिंकीच्या हातावर ठेवलं. "पलटलो तं हे दाखवजो," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने बयान दिलं. निलंबित झाला. "गधा हायेस," वसंतराव त्याला म्हणाले म्हणे. आता तो सावनेरला बाबांच्या बागेत असतो आणि तारखेला येतो. चौकशी अजून चालू आहे. ओमप्रकाशची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून गाडीवर पिंकी बसते, पुस्तक मांडीवर ठेवून. मी त्यांच्या फळीवर असते, तेलाच्या बाटलीशेजारी. रोज कोणी पुसत नाही. माझी तक्रारही नाही.

माझं एकच मागणं आहे. वर्दीतला माणूस भेटला तर त्याचं नाव वाचा आणि नावाने हाक मारा. आणि खिशावर नुसती दोन भोकं दिसली तर विचारा, नेमप्लेट कुठं आहे. विचारायला पिंकीसारखंच धैर्य लागतं, मला ठाऊक आहे. तरी विचारा.

परवाची एक गोष्ट सांगते आणि थांबते. महादेवराव आले होते, संत्र्यांची पिशवी घेऊन, तीही फळवाल्याच्या घरी! ओमप्रकाशने डाव्या हाताने एक संत्रं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "गोड असन." दोघं बराच वेळ बागेबद्दल बोलले. अंकितचा विषय कोणी काढला नाही.

निघताना पिंकीने मला फळीवरून आणलं. "आजोबा, घेऊन जा. त्यायनं बयान देलं ना, आता माह्या काय कामाचं?"

महादेवरावांनी मला खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं. नाव वाचलं. त्यांचा अंगठा माझ्यावर बराच वेळ फिरत राहिला. मग त्यांनी मला पिंकीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"निकाल लागेस्तोवर तुह्याजवळच राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तो स्वतः येईन मागाले. अन् अकडून मागू लागला, तं देऊ नोको."